चुकाऱ्याचे पैसे

दिवाळीनंतर पहिल्या वेच्याचा कापूस हिंगणघाटच्या मार्केटला जायचा. चुकारा हातात आला की आधी वीस हजार मी बाजूला काढायचे, मोठीच्या शिक्षणासाठी. 2014 पासून सलग सात वर्षं हा नेम पाळला. बोंडअळीच्या सालीसुद्धा मोडला नाही.

पैसे ठेवले मात्र पतसंस्थेत. आमचं वावर समुद्रपूर तालुक्यात, सहा एकर, सगळं कोरडवाहू. संस्थेचा पिग्मीवाला रोज संध्याकाळी गावात यायचा, ओसरीवर बसून चहा प्यायचा. "वहिनी, संस्थेत आपलीच मानसं हायेत. बारा टक्के सुटतात, पोस्टात काय ठेवता?" असं म्हणायचा. तो नात्यातला होता. पुढे त्याचेही पैसे बुडाले, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही.

2021 मध्ये मोठी बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागला. मी सातही पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गेले, तर शटर अर्धं खाली. आतल्या बाईने पावत्या एकेक करून पाहिल्या, नीट जुळवल्या, पिशवीत परत घातल्या आणि म्हणाली, "पुढच्या आठवड्यात या." असे पाच-सहा आठवडे गेले. मग शटर पूर्ण खाली आलं. मुद्दलच 1 लाख 40 हजार होतं. मोठीची फी शेवटी माझी एकदाणी विकून भरली.

तेव्हा जे कळलं ते आधी कुणी सांगायला हवं होतं. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला त्या बँकेतल्या सगळ्या ठेवी मिळून, व्याज धरून, 5 लाखांपर्यंत रक्कम मिळते. ही मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासूनची, त्याआधी ती 1 लाख होती. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिथल्या ठेवीला हा विमा नाही. बोर्ड, पासबुक, शिक्के सगळं बँकेसारखंच दिसतं, म्हणून आपण फसतो. कुठेही पैसे ठेवण्याआधी एवढं एक विचारा, "ठेव विमा आहे का?" उत्तर देताना समोरचा चाचरला तर उठा. ओळखीच्या माणसाला विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. तो संकोच मला महागात पडला.

संस्थेचं शटर पडलं तेव्हा धाकटी नऊ पूर्ण होती, दहाला तीन महिने बाकी. सुकन्या समृद्धीचं खातं मुलीच्या दहा वर्षांच्या आतच निघतं, म्हणून मी त्याच आठवड्यात पोस्टात गेले. व्याज तेव्हा 7.6 टक्के होतं. बारापुढे ते कमी वाटलं, पण या पैशामागे सरकार उभं आहे. आपल्यासारख्यांना ही योजना सोयीची, कारण दर महिन्याला भरायची सक्ती नाही. वर्षात किमान 250 रुपये भरले तरी खातं चालू राहतं, चुकारा आला की जास्त भरता येतं, कमाल दीड लाख. एखादं वर्ष चुकलं तर 50 रुपये दंड भरून खातं पुन्हा सुरू होतं. भरायचं पंधरा वर्षं, मुदत एकवीस वर्षांची. मुलगी दहावी झाली किंवा अठराची झाली, की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. मुलगा असेल तर त्याच्या नावाने पीपीएफ काढा, वर्षाला किमान 500 रुपये.

आणखी एक. जूनमध्ये बियाणं, खत, शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं एकदमच येतात. त्या वेळी मुलांच्या पैशाला हात लागतोच, म्हणून जूनचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवते. घरधन्यालाही दोन्ही पासबुकं कुठे आहेत ते ठाऊक आहे.

पतसंस्थेवर अवसायक नेमला गेला. मी दावा भरला, पावत्यांच्या झेरॉक्स दिल्या, मूळ पावत्या अजून त्याच पिशवीत आहेत. आतापर्यंत एक रुपयाही हाती आलेला नाही.

तुमच्या घरी दहाच्या आतली मुलगी असेल तर तिचा जन्मदाखला, स्वतःचं आधार आणि पॅन कार्ड घ्या, आणि या सोमवारीच पोस्टात जा. खातं 250 रुपयांत निघतं.