उलटे कोरा, सरळ वाचा

अंगठ्याला शाई लावून तो कागदावर दाबला, की ठसा उमटतो. आपल्यापैकी पुष्कळांनी असा अंगठा दिलेला आहे. आता आपण सही करतो. पण ठसा उमटवणे ही एक कलाही आहे. आज ती पाहू. तिला मोबाईलची जोड कशी द्यावी, तेही पाहू.

१८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. लक्ष्मी, सरस्वती यांची त्यांची चित्रे घरोघर गेली. ती दगडावरून छापत. दगडावर चित्र उलटे काढावे लागे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. रंगावर रंग बसे, तेव्हा चित्र पुरे होई.

परभणी जिल्ह्यात, गंगाखेडकडच्या एका गावात आमचा वर्ग भरतो. वर्गातल्या बायांचा बचत गट आहे. गट तुरीची डाळ विकतो. पुड्यांवर लावायला चिठ्ठी हवी होती. कापडी पिशव्यांवर छापही हवा होता. चित्र जात्याचे ठरले. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. तिथे दुसरे काय सुचणार? जात्याखाली अक्षरे घालायची: तूर डाळ.

आम्ही लिनोचा तुकडा आणला. लिनो रबरासारखा मऊ असतो. कोरणीने सहज कोरला जातो. जेवढे पांढरे हवे, तेवढे कोरून काढायचे. जे उरते, त्याला शाई लागते. रुळाने शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचे.

अक्षरे एका मावशींनी कोरली. त्या मागच्याच वर्षी लिहायला शिकल्या. आपली अक्षरे बाजारात जाणार, म्हणून फार जपून कोरली. पण कोरली सरळ. कागद उचलला, तर सारे उलटे!

मावशी म्हणाल्या, "आता गं बाई! हे कोण वाचणार?"

आम्ही सावलीत, फोन तिरपा न धरता ठशाचा फोटो काढला. मूळ फोटो जपून ठेवला. त्याच्या नकलेवर काम केले. फोनमध्ये चित्र आरशासारखे फिरवता येते. एक बोट लावले, अक्षरे सरळ झाली. मग रंग भरला. फोनमध्येही दगडांसारखे थर असतात. काळा ठसा एका थरावर, हळदीचा पिवळा रंग दुसऱ्या थरावर. रंग आवडला नाही, तर तेवढाच थर बदलावा. ठशाला धक्का लागत नाही.

चिठ्ठी छान झाली. सगळ्या खूश झाल्या. मावशी मात्र गप्प होत्या.

"फोनमधलं सरळ झालं," त्या म्हणाल्या, "पण लिनोवरचं काय? पिशवीवर तर हाच ठसा मारायचाय की!"

खरेच होते. फोनने फोटो सुधारला. ठसा होता तसाच राहिला.

मावशींनी नवा तुकडा घेतला. पातळ कागदावर अक्षरे लिहिली. कागद उलटा करून मागून दिसणारी अक्षरे लिनोवर गिरवली. मग कोरली. या वेळी कागदावर सरळ उमटले: तूर डाळ. 'ळ' थोडा वाकडा आला. फोनमध्ये तो सरळ करू का, असे आम्ही विचारले. "राहू द्या," मावशी म्हणाल्या, "माझ्या हाताचा आहे."

आम्ही तो तसाच ठेवला. चिठ्ठीवर तोच आहे, पिशवीवरही तोच आहे.

प्रश्न
१. दगडावर चित्र उलटे का काढत?
२. फोनमध्ये रंगाचा थर वेगळा ठेवल्याने काय सोय होते?
३. मावशींनी अक्षरे पुन्हा का कोरली?

करून पाहा: अर्धा बटाटा घ्या. त्यावर आपल्या नावाचे पहिले अक्षर उलटे कोरा. शाई लावून ठसा उमटवा आणि वाचा.