तडा कुठे गेलाय, ते आधी बघ

बाळा, मकरपुरा जीआयडीसीत स्टेनलेसच्या टाक्या जोडणार आहेस, तर काकाचं थोडं ऐकून ठेव. 1965 साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, मग खतांचा कारखाना, नंदेसरीची केमिकलं. बडोद्यात एसएसचं काम आटलेलं नाही आणि तडा गेला की वेल्डरच्या हाताला नावं ठेवणंही थांबलेलं नाही. हाताकडे सगळ्यात शेवटी बघावं.

बीडच्या मधोमध, जॉब गरम असतानाच तडा पडला तर गंधक-फॉस्फरसवर संशय घे. वेल्ड थिजताना कणांच्या मध्ये शेवटचा पातळ थर उरतो. ही घाण तो थर जास्त वेळ पातळ ठेवते आणि आकसताना तिथेच फाटतं. म्हणून तेल, ग्रीस, पेंट ॲसिटोननं पुसल्याशिवाय आर्क मारू नकोस. 304 ला 308एलचा, 316 ला 316एलचा फिलर घे. त्यांत थोडं फेराइट मुद्दाम ठेवलेलं असतं, ते घाण जिरवतं. 310 मध्ये ते नसतंच, तिथे करंट कमी आणि बीड बारीक, फुगीर. लेथवाला कधी कौतुकानं 303 चा बॉस करून आणेल. तो सहज कापला जावा म्हणून त्यात गंधकच घातलेलं असतं. सरळ परत पाठव.

बीड संपवताना आर्क झटकन तोडू नकोस. शेवटचा खड्डा भर, करंट उतरव, नाहीतर तडा तिथूनच सुरू होतो. टिग असेल तर गॅस बंद होईपर्यंत टॉर्च तिथेच धर.

एसएस एमएसच्या, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, साधारण दीडपट पसरतं, उष्णता मात्र फार सावकाश सोडतं. टॅक जवळजवळ मार, दोन पासमध्ये जॉब 150 अंशांपर्यंत उतरू दे. 304 ला प्रीहीट नको. 410 चं उलट: आधी 200 अंशांच्या वर तापव, नंतर सावकाश थंड कर. एसएसला एमएस जोडायचं तर 309एलच. 308 नं लोखंड मिसळून जोड ठिसूळ होतो. गॅल्व्हनाइज्ड पट्टीही जवळ आणू नकोस. झिंक कणांच्या मध्ये शिरतं.

टाकी वर्षभर चालून मग फांद्या फुटलेला तडा गेला, तर क्लोराइड, ऊब आणि वेल्डजवळचा ताण या तिघांची ती करणी. पण फोन तुलाच येईल. तेव्हा हायड्रोटेस्टला बोअरचं पाणी भर म्हणाले, तर आधी क्लोराइडचा रिपोर्ट माग आणि टेस्टनंतर टाकी लगेच रिकामी करून कोरडी कर.