हाताने रंगविलेली चिनी कपबशी कशी ओळखावी?

तुमसर तालुक्यातील चिखल्याची खाण मँगनीजची. तिचा माल पोलादाच्या धंद्यासाठी जातो, हे येथे सर्वांना माहीत आहे. पण जुन्या चिनी भांड्यावरील निळा रंग खुलला की मळकट पडला, यातही मँगनीजचा हात असतो, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

हा निळा कोबाल्टचा. चौदाव्या-पंधराव्या शतकात उत्तम कोबाल्ट इराणकडून चीनला जाई. तिकडील कारागीर या दगडाला 'सुलेमानी' म्हणत, असे अबुल कासिम काशानीने १३०१ साली लिहून ठेवले आहे. पुढे चिन्यांनी बाहेरून येणाऱ्या रंगाला 'हुई-हुई छिंग', म्हणजे मुसलमानी निळा, असे नाव दिले. इराणी मालात लोह जास्त, मँगनीज कमी; म्हणून रंग गडद आणि मधूनमधून काळे ठिपके. चीनच्या स्वतःच्या खनिजात मँगनीज भरपूर, त्यामुळे रंग करडा होई. ते खनिज भाजून, निवडून स्वच्छ करण्याचा हुन्नर साधला, तेव्हा अठराव्या शतकातील निर्यातीच्या मालाला स्वच्छ निळा मिळाला.

भांडी जिंगदेझेन गावी बनत. एक भांडे ७० हातांतून जाते, असे दांत्रकोल या फ्रेंच पाद्र्याने १७१२ साली लिहिले. एक जण काठाची रेघ ओढी, दुसरा फुलाची आकृती काढी, तिसरा रंग भरी. आम्हा कापडवाल्यांना यात नवल नाही; सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, रंगारी तिसरा. परदेशी गिऱ्हाइकासाठी कोरी भांडी कॅन्टनला आणून नमुन्याप्रमाणे रंगवीत आणि कमी आचेवर पुन्हा भाजीत. मुंबईहून कॅन्टनला कापूस व अफू जाई, परतीला चहा, रेशीम, चिनी भांडी येत. जमशेटजी जीजीभाईंनी (१७८३-१८५९) चीनच्या पाच सफरी केल्या. त्या व्यापारात अफूचा पैसा होता, हे झाकण्यात अर्थ नाही. मुंबईच्या जुन्या घरांतून अशी भांडी निघून चोरबाजारात येतात, तेव्हा पारख लागते.

एकाच संचातले दोन कप शेजारी ठेवा. हाताच्या कामात फुले तंतोतंत सारखी नसतात. रेघ कुठे जाड, कुठे बारीक. झिलईखालचा निळा बोटाला गुळगुळीत लागतो, तर वरून भरलेला लाल-हिरवा किंचित उठलेला लागतो व वापराने झिजतो. नव्या छाप्यात भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात. जुन्या छाप्यात नक्षीचा सांधा सापडतो, जसा ठशाच्या कापडात सापडतो. पूल आणि दोन पक्षी असलेली प्रसिद्ध निळी 'विलो' नक्षी अनेकजण चिनी समजतात. ती इंग्रजांची छापील नक्षी आहे. तळाला इंग्रजीत 'चायना' असेल तर माल बहुधा १८९१ नंतरचा, कारण त्या वर्षी अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. बादशहाच्या नावाच्या शिक्क्यावर मात्र विसंबू नये; जुन्या बादशहाचा शिक्का नव्या मालावर घालण्याची रीत चीनमध्ये फार जुनी आहे.

१९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी व्यापाऱ्याला ती देशाबाहेर पाठविता येत नाही. पावतीवर 'हातरंग' की 'छापील' ते लिहावे. तडा किंवा जोड असल्यास तोही लिहावा.