शीटमधली तारीख: दिसते एक, असते दुसरी

व्हिडिओत आपण उधारीची शीट बनवली. आज त्यातला फक्त तारखेचा कॉलम नीट समजून घेऊ. कारण वसुली त्याच्यावरच चालते.

समजा, शिवाजी उद्यमनगरात तुमचं छोटं मशीन शॉप आहे. 5 जून 2025 ला पार्टीने माल ताब्यात घेतला आणि 45 दिवसांची मुदत लेखी ठरली. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं पेमेंट लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे ढकलता येत नाही. करारच नसेल तर मुदत 15 दिवसांची. म्हणजे इथे एकेक दिवस महत्त्वाचा.

तुम्ही शीटमध्ये टाकलं 05/06/2025 आणि त्यात 45 मिळवले. उत्तर 20 जुलै यायला पाहिजे. पण शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर ती महिना आधी वाचते. तिच्या लेखी ही तारीख 6 मे. उत्तर येतं 20 जून. पार्टीला महिनाभर आधीच तगादा जातो. उलट 6 मे चं बिल 5 जूनचं धरलं गेलं, तर तगादा महिनाभर उशिरा आणि तेवढे दिवस तुमचं भांडवल अडकलेलं. गंमत म्हणजे स्क्रीनवर दोन्ही वेळी तुम्ही टाकलेलेच आकडे दिसतात, त्यामुळे शंकाही येत नाही.

आत काय साठतं?

एक्सेल किंवा गूगल शीट तारीख म्हणून एक नंबर साठवतं, म्हणजे 1900 च्या सुमारापासून मोजलेले दिवस. 5 जून 2025 म्हणजे 45813. वेळ म्हणजे दिवसाचा भाग: दुपारचे 12 म्हणजे 0.5, संध्याकाळचे 6 म्हणजे 0.75. फॉरमॅट हा त्या नंबरवर चढवलेला नुसता कपडा. कपडा बदलला म्हणून आतला माणूस बदलत नाही. नंबरच चुकीचा साठला असेल तर फॉरमॅट कितीही बदला, उपयोग नाही.

तीन तपासण्या

1. सेलचा फॉरमॅट ‘नंबर’ करून बघा. 5 जूनला 45813 आलं तर बरोबर. 45783 आलं तर शीटने 6 मे धरलंय.

2. 25/06/2025 टाका. तारीख सेलच्या उजवीकडे चिकटली तर ठीक. डावीकडे राहिली तर शीटने तिला साधा मजकूर समजलंय, कारण 25 वा महिना नसतो. अशा सेलवर हिशोब भरवशाचा नाही.

3. सेटिंग बघा. गूगल शीटमध्ये फाइल, सेटिंग्ज, लोकेल, तिथे इंडिया निवडा. एक्सेलसाठी विंडोजच्या रीजनमध्ये इंग्लिश (इंडिया). हे नव्या नोंदींना लागू होतं. आधी चुकीच्या साठलेल्या तारखा बिलं समोर ठेवून दुरुस्त कराव्याच लागतात.

कुणाला कशी दाखवायची?

- गिऱ्हाइकाच्या बिलावर महिना अक्षरात: 05-जून-2025. दोन मतं होण्याचा प्रश्नच नाही. कस्टम फॉरमॅटमध्ये दोन डी, तीन एम, चार वाय लिहा. महिना इंग्रजी तीन अक्षरांत येईल. जीएसटीच्या ऑफलाइन टूललाही हीच पद्धत लागते.
- फाइलच्या नावात वर्ष आधी: 2025-06-05. म्हणजे फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.
- वेळ दाखवताना एएम-पीएम ठेवा, नाहीतर 24 तासांची पद्धत. नुसतं 7:00 लिहिलं तर डिलिव्हरीवाला सकाळी यायचा की संध्याकाळी?

पगाराचे तास

कामगाराने रोज 9 तास असे 6 दिवस काम केलं. बेरीज 54 तास. पण वेळेच्या साध्या फॉरमॅटमध्ये 6:00 दिसतं, कारण 24 तास झाले की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. फॉरमॅटमध्ये एच चौकोनी कंसात टाका, मग 54:00 दिसेल.

एवढ्यावर थांबू नका. आत साठलंय 2.25, म्हणजे सव्वादोन दिवस. तासाला 80 रुपयांनी थेट गुणलं तर 180 रुपये येतात. आधी 24 ने गुणा, मग दराने: 4320 रुपये. माणसाच्या आठवड्याच्या कष्टाचा प्रश्न आहे, हे विसरू नका.

गृहपाठ: आज दुकान बंद करायच्या आधी उधारीच्या शीटमधली कोणतीही दहा बिलं काढा. तारीख 1 ते 12 मधली असलेलीच घ्या, कारण गुपचूप घोळ तिथेच होतो. कागदी बिल आणि शीटमधला महिना ताडून बघा. एक जरी चुकलं, तर आधी सगळा कॉलम तपासा, मगच पार्टीला फोन लावा.