परातीतले पाणी : लहानग्यांचा पहिला पाठ

मूल आणि पाणी यांची ओळख कोणी करून द्यावी लागत नाही. रांगते मूल मोरीशी जाते, काठाला धरून उभे राहते आणि हात बादलीत घालू पाहते. मागून आवाज येतो, "अरे, भिजशील! सर्दी होईल!" मूल उचलले जाते आणि एक चांगला पाठ सुरू होण्याआधीच संपतो. आम्हां शिक्षकांच्या हाती मुले येतात ती पाचव्या-सहाव्या वर्षी. पेन्सिल धरताना कोणाची बोटे सहज वळतात, कोणाची अवघडतात. ही तयारी त्याआधी घरीच व्हावयाची असते, आणि तिला पाण्यासारखे स्वस्त साधन दुसरे नाही.

हा विचार आजचा नव्हे. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे पहिले बालगृह उघडले. त्यांच्या शिक्षणपद्धतीत एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतणे हा रीतसर पाठ आहे. आपल्या देशात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली भावनगर येथे नूतन बालशिक्षण संघ स्थापिला आणि बालशिक्षणाचा विचार गुजराती व मराठी घरांपर्यंत नेला.

साहित्य घरातलेच घ्यावे. एक पसरट परात, तीत दोन बोटे कोमट पाणी, दोन स्टीलचे पेले, तोटीचा लोटा, पळी, गाळणी, नरसाळे आणि स्वच्छ स्पंज. खाली गोणपाट अंथरावे, म्हणजे पाय घसरणार नाही. काचेचे काही नको. मूल ते पाणी तोंडात घालणारच; म्हणून पिण्याचेच पाणी वापरावे.

पहिला खेळ थोपटण्याचा. मूल नीट बसू लागले की परातीत हात आपटू द्यावा. आपण केले म्हणून पाणी उडाले, हे कार्यकारणाचे ज्ञान त्यास येथे होते.

दुसरा खेळ ओतण्याचा, सुमारे दीड वर्षापासून. प्रथम पेल्याने, मग पळीने, मग नरसाळ्यातून. उंच पेल्यातले पाणी मुलास अधिक वाटते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी दाखविले की, पाच वर्षांची पुष्कळ मुलेही असेच मानतात. तेव्हा दुरुस्ती करीत बसू नये, ओतू द्यावे.

तिसरा खेळ पिळण्याचा, दुसऱ्या वर्षापासून. एका वाटीतले पाणी स्पंजाने टिपून दुसरीत पिळावयाचे. मुठीला आणि बोटांना याहून चांगला व्यायाम नाही.

चौथा खेळ तरंगते की बुडते याचा, अडीच वर्षांच्या सुमारास. यास पाणी खोल लागते. म्हणून पातेले घ्यावे आणि त्यावरून हात काढू नये. करवंटी, चमचा, मोठा गोटा टाकून पाहावे. मग एक संत्रे सालीसकट टाकावे, ते तरंगते. तेच सोलून टाकावे, बहुधा बुडते. सालीत हवा असते, हे आपण जाणतो. मुलास नवल पुरे. मणी, बिया, बुचे यांसारख्या बारीक वस्तू मात्र देऊ नयेत. त्या घशात अडकतात.

पाचवा खेळ रंगविण्याचा. जुना कुंचला पाण्यात बुडवून अंगणातल्या फरशीवर रेघा काढावयाच्या. उन्हाने त्या नाहीशा होतात आणि पाटी पुन्हा कोरी.

आता सर्वांत महत्त्वाचे. लहान मूल दोन इंच पाण्यातही बुडू शकते. त्याचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत तोल गेला की त्यास बाहेर निघता येत नाही, आणि ओरडण्यासही अवसर मिळत नाही. म्हणून खेळ चालू असता मोठे माणूस हाताच्या अंतरावर बसलेच पाहिजे. दारावरची हाक, फोन, उतू जाणारे दूध, काहीही असो, उठावयाचे तर मुलास कडेवर घेऊन उठावे. दहा वर्षांच्या ताईवर हे काम सोपवू नये. खेळ संपताच परात आणि पातेले रिकामे करून पालथे घालावे. न्हाणीतली बादलीही भरलेली ठेवू नये. साठल्या पाण्यात डासही होतात.

सर्दीविषयी आजीबाईंस विनंती अशी की, सर्दी विषाणूंमुळे होते, भिजल्याने नव्हे. तरी मूल कुडकुडू लागले तर खेळ थांबवावा, अंग पुसून कोरडे कपडे घालावेत. पंधरा-वीस मिनिटे पुष्कळ झाली.

पाणी वाया जाते, ही तक्रार रास्त आहे. म्हणून उरलेले पाणी मुलाच्याच हाताने तुळशीला, मोगऱ्याला, कुंडीला घालावे. खेळाचे पाणी झाडाला जाते, हे ज्याने दुसऱ्या वर्षी पाहिले, त्यास पाणी जपण्याचे व्याख्यान पुढे द्यावे लागत नाही.

ही पंधरा मिनिटे आईनेच द्यावीत असे नाही. वडिलांनी कचेरीतून आल्यावर, आजोबांनी दुपारी द्यावीत. परात घरात आहेच; लागते ते शेजारी बसणारे एक मोकळे माणूस.