सीडी मिळाली, पण रिपोर्ट?

प्रश्न : आईच्या खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवायचं आहे. सीबीसीटी स्कॅनची सीडी मिळाली, रिपोर्ट नाही. शेजारी म्हणतात, रिपोर्टसाठी पुन्हा स्कॅन करावा लागेल. खरं का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : मुळीच नाही. सीडीतल्या डायकॉम फाइल्स हाच मूळ स्कॅन. त्यावरून रिपोर्ट नंतरही लिहिता येतो. मोबाइलवर काढलेले स्क्रीनचे फोटो मात्र चालत नाहीत. इम्प्लांट बसवणारे डॉक्टर स्कॅन पाहतातच, पण त्यांचं लक्ष बहुधा त्या एका जागेवर असतं. मुख क्ष-किरणतज्ज्ञ टिपलेला सगळा भाग वाचतो. शेजारच्या दाताखालची गाठ अशीच अवचित सापडते. खालच्या जबड्यात खरी काळजी नसेच्या नळीची. इम्प्लांटचं टोक तिच्यापासून साधारण 2 मिमी दूर ठेवतात. नस दुखावली तर ओठ बधिर होऊ शकतो. म्हणून हाडाच्या कडेपासून नळीपर्यंतची उंची रिपोर्टमध्ये मागून घ्या. धातूच्या कॅपशेजारी काळे पट्टे दिसले तर लगेच कीड समजू नका. हाडाच्या घनतेचे सीबीसीटीवरचे आकडेही फार मनावर घेऊ नयेत. रिपोर्टबद्दल आधी तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. नाहीतर सांगलीतच भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात चौकशी करा. जाताना सीडी आणि जुने एक्स-रे सोबत न्या.