हाताला काम देणारे दान

दारी कोणी भुकेला आला, तर आपण त्याच्या पदरात पसाभर ज्वारी घालतो. हे चांगलेच आहे. भुकेल्याला आधी अन्न पाहिजे. पण दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा भूक लागते. तो पुन्हा कुणाच्या तरी दारी जातो. असे किती दिवस चालायचे?

आज आपण एका वेगळ्या दानाची हकिकत वाचू. ही हकिकत आपल्याच मुलखातली आहे.

नागपूरहून चंद्रपूरच्या वाटेने सुमारे १०० किलोमीटर गेले, की वरोरा लागते. तेथे मुरलीधर देविदास आमटे नावाचे वकील राहत. त्यांनाच लोक बाबा आमटे म्हणत. त्यांच्या पत्नी साधनाताई. ताईंचे माहेर नागपूरचे.

त्या काळी कुष्ठरोग झाला, की माणसाचे घर सुटे. गावाबाहेर राहायचे आणि भीक मागायची. लोक दुरूनच पैसा टाकीत. पैसा मिळे, पण जवळ कुणी येत नसे.

१९४९ साली बाबांनी महारोगी सेवा समिती काढली. सरकारने वरोऱ्याजवळ ५० एकर जमीन दिली. जमीन कसली, नुसते खडक आणि झुडपे! १९५१ साली तेथे आनंदवन सुरू झाले. जवळ काय होते? ६ रोगी, १ लंगडी गाय आणि १४ रुपये.

रोग्यांना औषध मिळू लागले. पण बाबांनी पुढचा विचार केला. रोग बरा झाला, तरी घरचे लोक दार उघडत नव्हते. मग बरा झालेला माणूस जाणार कुठे? पुन्हा भीक मागायलाच ना? म्हणून औषधाबरोबर हातात कुदळ आली.

या रोगात बोटे बधिर होतात. जखम झाली तरी कळत नाही. अशा हातांनी त्या माणसांनी विहिरी खणल्या. झुडपे तोडली, शेत केले. धान्य आले, भाजी आली. गोठा झाला, दूध आले. पुढे कुणी माग चालवायला शिकले, कुणी सुतारकाम, कुणी लोहारकाम, कुणी शिवणकाम.

पण एक अडचण आली. भाजी खाऊन उरू लागली, आणि ती विकत घेईना कुणी! “रोग्यांच्या हातची भाजी कशी खायची?” असे लोक म्हणत. घाम गाळून पिकवलेला माल तसाच पडून राही.

पुढे परदेशांतून काही तरुण स्वयंसेवक आले. ते आनंदवनात राहिले, तेथेच जेवले. रोग्यांच्या बरोबरीने त्यांनी विटा-दगड वाहिले, इमारती बांधल्या. त्यांना काही झाले नाही. हे वरोऱ्याच्या लोकांनी पाहिले. हळूहळू भीती गेली आणि गिऱ्हाईक येऊ लागले. पुढे तर आनंदवनाच्या माणसांनी गावच्या मुलांसाठी कॉलेज उभारले. ज्यांना गावाने बाहेर काढले, त्यांनीच गावाला दिले!

यावरून काय दिसते? गरिबी हटवायला तीन गोष्टी लागतात. पहिली, साधन : जमीन, पाणी, बैल, माग. दुसरी, कसब. ते शिकवावे लागते. तिसरी, गिऱ्हाईक. यातली एकही नसली, तर धंदा बसतो.

गरिबी काही आपल्याच देशात नाही. समुद्रापलीकडे आफ्रिका खंड आहे. तेथे केनिया नावाचा देश आहे. तेथील खेड्यांतल्या बायांना सरपणासाठी आणि पाण्यासाठी लांब लांब जावे लागे. १९७७ साली वांगारी माथाई या विदुषीने त्यांना रोपे तयार करायला लावले. नॉर्वे देशातून आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडून मदत मिळाली. ती मदत फुकट वाटली नाही. जे रोप लावून जगेल, त्याचे थोडे पैसे बाईला मिळत. नुसते लावून भागत नसे, जगवावे लागे. त्यामुळे घरात पैसा आला आणि रानात झाडे आली. ३ कोटींहून जास्त झाडे लागली. २००४ साली माथाईंना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कुणी म्हणेल, “आमच्याजवळच काही नाही, आम्ही काय देणार?” पण थोडा विचार करू. गावातली एखादी विधवा बाई पापड लाटते. एखादा अपंग गडी टोपल्या विणतो. त्याची टोपली आपण घेतली, रास्त भाव दिला, पैसे उधार ठेवले नाहीत, तर तीही मदतच झाली. शिवाय त्याला कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

म्हातारा, आजारी, लहान मूल यांना अन्न आणि औषध द्यावेच. त्यांच्याकडून कामाची आशा धरू नये. पण ज्याचे हात चालतात, त्याच्या हाताला काम द्यावे.

ध्यानात ठेवा : कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात हे औषध फुकट मिळते. अंगावर बधिर चट्टा दिसला, तर लपवू नका. लवकर दाखवा.

प्रश्न
१. आनंदवन सुरू झाले तेव्हा जवळ काय काय होते?
२. आनंदवनाची भाजी आधी कुणी का घेत नव्हते?
३. केनियातल्या बायांना पैसे केव्हा मिळत?
४. तुमच्या गावात कुणाच्या हाताला काम हवे आहे? त्याला साधन, कसब आणि गिऱ्हाईक यांपैकी काय कमी आहे? चार ओळी लिहा.